अलेक्झांडर फ्लेमिंग आणि बुरशीचे शस्त्र

पावसाची झड लागली की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात बुरशी कोणत्या घरी येत नाही? शिळ्या भाकरीवर ती हिरवी लव धरते, चामड्याच्या वहाणा पांढऱ्या करते, आणि तिच्याच गोतातील सात्या वारुळांतून उगवून बाजारात मोठ्या मानाने विकल्या जातात. या जातीस ना दात, ना पळावयास पाय. भोवती मात्र तिच्याच अन्नावर टपलेले असंख्य सूक्ष्म जंतू. मग ती तग कशी धरते? या प्रश्नाकडे ज्यांच्यामुळे साऱ्या जगाचे लक्ष वेधले, त्या फ्लेमिंग यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्व्हेल गावानजीकच्या एका शेतावर झाला. सात वर्षांचे असता पितृछत्र हरपले. पुढे लंडनला येऊन त्यांनी एका जहाज कंपनीच्या कचेरीत चार वर्षे कारकुनी केली. चुलत्याच्या वारशाची थोडी रक्कम हाती आली, तेव्हा कुठे सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयाची वाट खुली झाली. त्यांच्या पित्याने चर्चिल यांस बालपणी बुडताना वाचविले, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. ती निराधार असल्यामुळे आम्ही गाळली आहे.

पहिल्या महायुद्धात त्यांची नेमणूक फ्रान्समधील बुलोन येथे झाली. तेथे जखमा धुण्यास जहाल जंतुनाशके सर्रास वापरीत, तरी सैनिक मरतच. फ्लेमिंग यांनी प्रयोगांती दाखविले की, खोल जखमेच्या सांदीकोपऱ्यांत ही औषधे पोहोचत नाहीत. उलट जंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशीच त्यांनी मरतात. जंतूस मारील पण देहास राखील असे द्रव्य हवे, हा ध्यास त्यांस तेव्हापासून लागला असावा, असे आम्हांस वाटते.

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीहून परतल्यावर जंतू वाढविण्याच्या बशा ते चाळीत होते. एकीत बुरशी उगवली होती आणि तिच्या सभोवारचे जंतू विरघळून गेले होते. नासलेली बशी कोणीही धुऊन टाकली असती. त्यांनी ती जपून ठेवली. त्या बुरशीच्या रसास त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले, आणि त्याने पांढऱ्या पेशींस इजा होत नाही हेही पडताळून पाहिले. बुलोनचा अनुभव येथे कामी आला.

याचे कारण पुढे उमगले. जंतूच्या देहाभोवती जाळीदार भिंत असते. पेनिसिलिन त्या जाळीचे धागे सांधू देत नाही. मग वाढता जंतू फुटून मरतो. बुरशीची भिंत निराळ्याच द्रव्याची, खेकड्याच्या कवचात असते त्या कायटिनची. म्हणून तिचे शस्त्र तिच्यावर उलटत नाही. आपल्या पेशींस तर भिंतच नसते. शेजारी जंतू आल्याची वर्दीही काही बुरशींस लागते. जर्मनीतील येना येथे २००९ मध्ये असे दिसून आले की, विशिष्ट जंतूचा प्रत्यक्ष स्पर्श होताच एका बुरशीची निद्रिस्त जनुके जागी होतात आणि ती नवी द्रव्ये घडवू लागते.

फ्लेमिंग यांस मात्र पेनिसिलिन शुद्ध करता आले नाही, आणि ते दुसऱ्या कामांकडे वळले. ते शुद्ध करण्याचे श्रेय ऑक्सफर्डचे फ्लोरी, चेन व हीटली यांचे आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांनी एका पोलीस शिपायास ते टोचले. त्याला उतार पडला. औषध पुरेना, म्हणून त्याच्या मूत्रातून ते परत काढून पुन्हा टोचले. तरी साठा संपला आणि तो बिचारा दगावला. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांस मिळाले. हीटली यांचे नाव त्यात नाही, याची हळहळ वाटते.

११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग निवर्तले. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथील सरकारी कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधास सरावतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी नोबेल व्याख्यानातच दिला होता. त्यांच्या बशीत ज्या जातीचे जंतू विरघळले, तिच्यातील बहुतेक जंतू आज पेनिसिलिन फोडणारे द्रव्य स्वतःच बनवितात.