वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (१५ मार्च १८६० – २६ ऑक्टोबर १९३०) हे पटकी व प्लेग या रोगांवरील प्रतिबंधक लसी तयार करणारे जंतुशास्त्रज्ञ होते. मुंबईतील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

पूर्वायुष्य

हाफकिन यांचा जन्म रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा विद्यापीठात ते इल्या मेचनिकॉव्ह यांचे विद्यार्थी होते. धर्मांतरास नकार दिल्यामुळे तेथील अध्यापनाचा मार्ग त्यांना बंद झाला. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला आणि पुढे पॅरिस येथील पाश्चर संस्थेत प्रथम ग्रंथपालाचे काम स्वीकारले. तेथेच त्यांनी पटकीची लस सिद्ध केली व १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली.

कलकत्त्यातील कार्य

१८९३ मध्ये ते भारतात आले. कलकत्त्यातील गरिबांच्या वस्त्यांमध्ये तळ्याचे दूषित पाणीच पिण्यासाठी वापरले जाई व पटकीची साथ वारंवार उद्भवे. १८९४ मध्ये कट्टल बागान वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. त्यानंतर तेथे १० जणांना पटकी झाली व त्यांपैकी ७ जण दगावले. हे सर्व लस न घेतलेले होते. शुद्ध पाणी व सांडपाण्याची सोय होईपर्यंत अशा वस्त्यांना लसीचा आधार मिळू शकतो, हे यावरून दिसून आले.

मुंबईतील प्लेग

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली. सरकारचा भर घरे रिकामी करणे, जंतुनाशके फवारणे, सामान जाळणे व रुग्णांना सक्तीने हलविणे यांवर होता. या उपायांची झळ चाळींत दाटीवाटीने राहणाऱ्या कष्टकऱ्यांना अधिक बसली आणि भीतीपोटी लोक रुग्ण लपवू लागले. हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात अपुऱ्या साधनांनिशी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. भायखळा तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांमध्ये तिचा उपयोग दिसून आला. तिसरे आगाखान यांनी जाहीरपणे लस घेतल्याने खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलविण्यात आली.

मुलकोवाल प्रकरण

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. लस तयार करताना कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका ठेवून हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. मात्र बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असे साक्षीतून पुढे आले होते. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध करून त्यांना निर्दोष ठरविले. ते पुन्हा भारतात आले; परंतु मुंबईतील पद त्यांना परत मिळाले नाही व त्यांनी कलकत्त्यात काम केले.

अखेरचा काळ व स्मृती

निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले व स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.