रमाबाई रानडे आणि परिचारिकांचे शिक्षण



12 मे हा जागतिक परिचारिका दिन. त्या दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपण घेतोच, पण आपल्या भाषेतली एक बाई मागे राहून जाते. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, त्यामुळे रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे 1910 चे पुस्तक माझ्या हाती फार उशिरा आले.

रमाबाईंचा जन्म 1862 सालचा, सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावी. अकराव्या वर्षी, 1873 साली, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पतीने शिकवले आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्याबद्दल टोमणे मारले. 1901 मध्ये न्यायमूर्ती गेले. 1909 मध्ये पुण्याला सेवासदन सुरू झाले, तेही रानड्यांच्याच वाड्यात.

या संस्थेने मुलींना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवले, ही गोष्ट आज साधी वाटते. तेव्हा हे काम बहुतेक युरोपियन आणि ख्रिस्ती स्त्रियाच करत. परक्या रोग्याचे अंग पुसायचे, जखम धुवायची, भांडे उचलायचे, रात्रपाळीला घराबाहेर राहायचे. यात सोवळे मोडते आणि अब्रूही जाते, असे लोक म्हणत. दुसरीकडे घरातली बाई आजारी पडली की परपुरुष नको म्हणून तिला रुग्णालयात न्यायचे नाही! मग तिची काळजी घ्यायची कोणी?

शिवाय सेवा म्हणजे नुसती माया नव्हे. दोन रोग्यांच्या मध्ये हात धुणे, औषध देण्याआधी बाटलीवरचे नाव आणि रोग्याचे नाव ताडून पाहणे, नाडी व ताप वेळच्या वेळी लिहून ठेवणे, हलता न येणाऱ्याची कूस बदलणे म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. हे शिकावे लागते. चुकले तर रोग्याच्या जिवावर बेतते.

सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली एक विधवा बक्षीस घ्यायला उठली. वर बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी हुर्यो केली, वेड्यावाकड्या टाळ्या वाजवल्या. (तशा टाळ्या आपल्या मागच्या रांगांनाही ठाऊक आहेत.) रमाबाई संतापल्या. दुष्ट रूढीने जिचे हाल केले त्या बहिणीविषयी ज्यांना कणव नाही, त्यांना सुशिक्षित कसे म्हणायचे, असे त्यांनी भर सभेत विचारले. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात हा प्रसंग मोठा आहे. पुस्तके आणि वर्ग पैशाने मिळतात, पण त्या विधवेला मंचापर्यंत चालत जाता आले पाहिजे ना!

1924 मध्ये रमाबाई गेल्या. 1962 साली त्यांचे टपाल तिकीट निघाले.

यंदा 12 मेच्या सुमारास हात धुण्याचे आणि औषधाची चिठ्ठी वाचण्याचे प्रात्यक्षिक घेण्याचा विचार आहे. पालकांमध्ये कोणी परिचारिका असतील तर त्यांनी शाळेच्या कार्यालयात अवश्य कळवावे.

— मुख्याध्यापिका