ल्युईस नुडसन

नांदेड वा लातूरमध्ये घरच्या प्रेशर कुकरवर माध्यम शिजवून ऑर्किडचे बी रुजवायचे म्हटले, तर आजही हाताशी येते ती बहुधा ल्युईस नुडसन यांचीच कृती. १८८४ मध्ये अमेरिकेत जन्मलेले नुडसन कॉर्नेल विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

ऑर्किडचे बी धुळीसारखे; त्यात अन्नाची शिदोरी जवळजवळ नसतेच. बुरशीच्या साथीविना ते रुजत नाही, हे फ्रान्सच्या नोएल बर्नार यांचे मत तेव्हा प्रमाण मानले जाई. बुरशीमुळे बियाला मिळते ती केवळ साखर तर नव्हे, अशी शंका नुडसन यांना आली. क्षार, साखर व अगार यांचे निर्जंतुक माध्यम करून त्यांनी कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये धुतलेले बी पेरले. ते बुरशीविना रुजले! १९२२ मध्ये हा निबंध अमेरिकेत प्रसिद्ध झाला. अशी रोपे फुलतील का, ही शंका उरली होती. १९३० च्या निबंधात त्यांनी फुलेच दाखवली.

१९४६ चे त्यांचे ‘नुडसन सी’ माध्यम साधेच आहे. लिटरभर पाण्यात १ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, अर्धा ग्रॅम अमोनियम सल्फेट, पाव-पाव ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट व पोटॅशियम फॉस्फेट, किंचित लोह व मँगनीज, २० ग्रॅम साखर आणि अगार. मात्र हीच साखर हवेतल्या बुरशीलाही आवडते. म्हणून १५ पौंड दाबाखाली, १२१ अंश सेल्सियसला, १५ ते २० मिनिटे वाफ द्यावीच लागते. येथे घाई करणाऱ्याची बाटली आठवडाभरात काळवंडते. रानात मात्र बर्नार यांचेच म्हणणे आजही खरे आहे.

नुडसन १९५८ मध्ये निवर्तले.