आधी हात, मग पाटी

बालशिक्षण ही श्रीमंतांची चैन नव्हे, हे ताराबाई मोडक यांनी आयुष्यभराच्या प्रयोगांतून सिद्ध केले. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी माँटेसरी पद्धती आत्मसात केली. न सांडता पाणी ओतणे, गुंडी लावणे, केर काढणे, या क्रियांनी मुलाची बोटे स्थिर होतात व लेखणी धरण्याची पूर्वतयारी होते, हे तिचे एक मर्म. परंतु तिची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. म्हणून १९४५ मध्ये बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढून त्यांनी परिसरातील साध्या वस्तूंनाच साधनांचे स्थान दिले. मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच त्याच्या अंगणात नेली. १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह हे कार्य आदिवासी मुलांत वाढले. १९७३ साली ताराबाई निवर्तल्या.

१९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी पुढे सातारा-सांगलीच्या खेड्यापाड्यांतही पोहोचली. पालकांना मात्र अक्षरांची घाई असते. तीन वर्षांच्या मुलाच्या हाती आधी तांब्या द्यावा की पाटी, या प्रश्नाच्या उत्तरावरच ताराबाईंचा वारसा टिकणे अवलंबून आहे. आणि तांब्याला तर वेगळा खर्चही लागत नाही.