एका गुणाचा हिशेब

वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या गावजत्रेत ज्यांनी कुस्त्यांचा फड पाहिला असेल, त्यांना लाल मातीतला न्याय कसा होतो हे वेगळे सांगण्याची गरज नाही. नारळाची कुस्ती असो वा शेवटची मोठ्या इनामाची, पाठ मातीला लागली की निकाल लागला. ढोल वाजतो, जिंकलेला गडी खांद्यावर घेतला जातो आणि हरलेला अंगाची माती झटकत गर्दीत मिसळतो. कुणी कुणाला एक गुण जास्त दिला, असा वाद तिथे उद्भवतच नाही. कारण तिथे गुणच नसतात. दोन्ही मल्ल तोडीस तोड निघाले, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि प्रेक्षकही ते मान्य करून घरी जातात.

भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात स्वातंत्र्यानंतरचे पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव याच न्यायात वाढले होते. आणि त्यांच्या आयुष्यातले दोन सर्वांत मोठे प्रसंग उभे राहिले ते नेमके त्या न्यायाबाहेर, गुणपत्रिकेच्या आणि नियमपुस्तकाच्या जगात.

कराडपासून जवळच असलेल्या गोळेश्वर या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत सर्वांत धाकट्या असलेल्या या मुलाला त्यांनी लहानपणीच आखाड्यात उतरवले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण चालू असतानाच बेचाळीसच्या चळवळीचे वारे आले आणि भूमिगतांना मदत करण्यात खाशाबाही मागे राहिले नाहीत, असे सांगितले जाते. पुढे ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शाहू महाराजांनी खासबागचे मैदान उभारून ज्या नगरीला कुस्तीची पंढरी केले, तिथे बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारख्यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. अंगकाठी लहान, पण चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत पकडून त्याला फिरवून आपटायचे, आणि तेही त्याला सावरण्याची उसंत न देता. बळापेक्षा वेळ साधण्यावर उभा असलेला हा डाव लहान चणीच्या मल्लाला शोभणारा होता.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चाचा मोठा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे खाशाबांच्या पायाखाली माती नव्हती, मॅट होती. मातीत पाय रुततो, पकड बसते, कुस्ती रेंगाळू शकते; मॅटवर पाय सटकतो आणि सारा वेग वाढतो. पंचांच्या नजरेत भरेल असे काही सतत करत राहावे लागते, ते निराळेच. रीस गार्डनर या परदेशी प्रशिक्षकाच्या हाताखाली मिळालेली अल्पकाळाची तालीम एवढीच त्यांची शिदोरी. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. परत आल्यावर त्यांनी पुढची चार वर्षे मॅटच्या या व्याकरणाचा अभ्यास करण्यात घालवली. मातीत शिकलेले डाव सोडून दिले नाहीत. ते मॅटवर कसे बसतील, हे पाहिले.

हेलसिंकीची निवड जवळ आली तेव्हा मात्र अडचण आली ती मॅटवर नव्हे, कागदावर. मद्रासच्या निवड स्पर्धेत निरंजन दास या मल्लापेक्षा त्यांना एक गुण कमी पडला. निकाल लागला आणि हेलसिंकीची वाट बंद झाल्यासारखी दिसू लागली. हा गुण हेतुपुरस्सर कमी दिला गेला, पक्षपात झाला, अशी खाशाबांची ठाम तक्रार होती. तक्रार खरी की खोटी याचा निवाडा आज सत्तर वर्षांनंतर कुणी करू शकणार नाही, आणि तसा प्रयत्न करणे निरंजन दास यांच्यावरही अन्याय करणारे ठरेल. चुरशीच्या लढतीत एका गुणाचा फरक म्हणजे पंचाने एखाद्या क्षणी कुणीकडे पाहिले, एवढाच असू शकतो.

इथे थोडे विषयांतर करतो. अटीतटीच्या लढतीचा निर्णय कुणी द्यावा, हा प्रश्न कुस्तीपुरता नाही. बॉक्सिंगमध्ये तो अधिक तीव्र आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने अंतिम लढतीत ८६ ठोसे लगावल्याची मोजदाद झाली, प्रतिस्पर्धी पार्क सी-हुनचे ठोसे ३२ भरले आणि तरीही पाच पंचांनी ३-२ असा कौल पार्कच्या बाजूने दिला. त्या गदारोळानंतर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये पंचांच्या हाती संगणकाची बटणे आली. पाचपैकी तिघांनी साधारण एका सेकंदाच्या आत बटण दाबले, तरच ठोसा मोजला जाई. पण बटणावरचे बोटही अखेर माणसाचेच, आणि २०१३ मध्ये ती पद्धतही गुंडाळली गेली. आपल्याकडच्या फडात पंच म्हणून बहुधा जुना पैलवान उभा असतो. ज्याने स्वतः कान मोडून घेतले आहेत, त्याला डाव खरा बसला की नुसता देखावा झाला, हे प्रेक्षकांआधी कळते. हा अनुभव अनमोल खरा. पण त्याच पैलवानाची एक तालीम असते, एक गाव असते, वस्तादाची परंपरा असते, आणि त्याची नजर कळत नकळत तिकडे झुकू शकते. जाणकार पंच आणि तटस्थ पंच हे दोघे एकाच अंगरख्यात सापडणे दुर्मीळच.

खाशाबांनी या वादातून आपल्या मातीतला मार्ग शोधला. त्यांनी पतियाळाचे महाराज यादविंद्रसिंग यांच्याकडे दाद मागितली. महाराज भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि कुस्तीचे दर्दीही. त्यांनी गुणपत्रिका पुन्हा तपासण्याचा घोळ घातला नाही. दोघांची पुन्हा कुस्ती लावली. या खेपेस पंचांना मोजण्यासारखे काही उरलेच नाही. खाशाबांनी निरंजन दास यांना चितपट केले.

निवड झाली, पण पैसे नव्हते. मुंबई राज्य सरकारकडून वेळेवर मदत मिळाली नाही. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकिकत कोल्हापुरात आजही आदराने सांगितली जाते. उरलेली रक्कम गावकऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या वर्गणीतून जमली.

जुलै १९५२. हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले. त्या काळी कुस्ती चितपट न झाल्यास तीन पंच आपापला कौल देत आणि बहुमताने निर्णय होई. दोषगुणांचीही पद्धत होती. चितपट विजयाला दोषगुण नाही, निर्णयावरच्या विजयाला मात्र एक, आणि पाच दोषगुण झाले की मल्ल स्पर्धेबाहेर. म्हणजे चितपटीचा मान नियमानेही राखलेला होता. कॅनडाचा पोलिक्विन आणि मेक्सिकोचा बासुर्तो यांना खाशाबांनी नमवले. जर्मनीच्या श्मिट्झशी झालेली झुंज पंचांच्या निर्णयापर्यंत गेली आणि तीही त्यांच्या बाजूने लागली. अंतिम टप्प्यात गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशीशी. हा मूळचा ज्युदोपटू; पकडीत आणि तोल घालवण्यात तरबेज. प्रदीर्घ झुंज झाली आणि खाशाबा निर्णयावर हरले.

या कुस्तीने थकलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हविरुद्ध उतरण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो नियम दाखवून हरकत घेण्यासाठी भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबांना स्वतःला ते जमले नाही. परक्या भाषेच्या आणि परक्या नियमांच्या त्या सभागृहात एकट्या मल्लाने किती आणि कुणाशी भांडावे? ते उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. जपानचे त्या ऑलिंपिकमधले ते एकमेव सुवर्णपदक होते. विश्रांती मिळाली असती तर रंग बदलला असता का, याला उत्तर नाही. मात्र मद्रासला दाद मागायला एक महाराज तरी होते. हेलसिंकीत साधा व्यवस्थापकही नसावा, ही गोष्ट आजही सलते. त्याच स्पर्धेत कोल्हापूरच्याच केशव माणगावे यांना फेदरवेट गटात चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

हॉकीच्या सुवर्णाच्या जल्लोषात या कांस्याकडे देशाचे फारसे लक्ष गेले नाही. कराडने मात्र आपल्या मल्लाचे स्वागत शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने केले. त्यानंतर खाशाबांनी काय केले, तर कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांत स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले. बढतीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. सहायक पोलीस आयुक्त हे पद मिळाले ते निवृत्तीच्या तोंडावर, आणि निवृत्तिवेतनासाठीही झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. शिवछत्रपती पुरस्कार आणि अर्जुन पुरस्कार दोन्ही मरणोत्तर आले. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव २०१० मध्ये देण्यात आले. पद्म पुरस्कार मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही.

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. त्याचे गुण होते ४५१.४. तिथे गोळी कुठे लागली हे यंत्र दशांशापर्यंत मोजते, आणि पंचाला कौल द्यावा लागत नाही.