सेनापतींनी अडवलेली आगगाडी

आम्हा जामनेरकरांना छोट्या रेल्वेचे कौतुक उपजतच. पाचोरा ते जामनेर ही आमची ५६ किलोमीटरची 'पीजे' २०२० साली बंद पडली, तरी तिचा विषय निघाला की म्हातारी माणसे अजून हळवी होतात. गावे जोडणारी गाडी ती. पण महाराष्ट्रात एक छोटी रेल्वे अशीही होती, की जी गावे बुडवण्याच्या कामासाठी घातली गेली. ती पुणे जिल्ह्यातल्या मुळशी धरणाची. तिची हकिगत सेनापती बापटांच्या चरित्रात येते, आणि त्या चरित्रातले तेच पान मला सर्वांत अवघड वाटते.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. डेक्कन कॉलेजात शिकून मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर ते १९०४ मध्ये एडिंबरोला गेले. तिथे त्यांनी इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावली. पुढे पॅरिसला जाऊन बाँब तयार करण्याची विद्या मिळवली. परत आल्यावर अलीपूर खटल्यात नाव निघाले, तेव्हा काही वर्षे भूमिगत राहिले. १९१२ मध्ये पकडले गेले, पण पुराव्याअभावी सुटले. त्यानंतर हाच माणूस हाती झाडू घेऊन पारनेरचे रस्ते झाडू लागला. बाँब आणि झाडू! बापटांना त्यात विसंगती वाटली नाही. देशसेवा म्हटली की दोन्ही एकच.

पहिल्या महायुद्धानंतर टाटांच्या वीज कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरणाची योजना आखली. पाणी सह्याद्रीच्या पलीकडे, कोकणातल्या भिऱ्याला सोडायचे आणि तिथली वीज मुंबईला न्यायची. मुंबईच्या दृष्टीने ठीकच होते. पण मुळशी पेट्यातल्या ५२ गावांवर संकट आले. पिढ्यान् पिढ्या कसलेली भातखाचरे, देवळे, घरे, सगळे पाण्याखाली जाणार होते. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबले. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात होते. बापट पुढे झाले आणि इथेच लोकांनी त्यांना 'सेनापती' केले. बायकामुलेही तुरुंगात गेली. पण मोबदला घेऊन एकेक जण गळू लागला. गांधीजींचा पाठिंबाही टिकला नाही, कारण नेत्याची अहिंसेवर निष्ठा नव्हती.

मग उरली ती रेल्वे. धरणाचे सामान आणि मजूर तिच्यावरून जात, म्हणजे कामाची नाडीच ती. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह रुळांवर दगड रचून गाडी अडवली. शस्त्रे चालली आणि गाडीवरची माणसे जखमी झाली. बापट पळाले नाहीत, स्वतःहून स्वाधीन झाले. उघडपणे करायचे आणि शिक्षा हसत भोगायची, याला ते 'शुद्ध सत्याग्रह' म्हणत. सात वर्षांची शिक्षा झाली.

मला इथे थांबावेसे वाटते. बापटांच्या निःस्वार्थीपणाबद्दल मला शंका नाही. ना त्यांची तिथे जमीन होती, ना त्यांना कसली आशा. पण गाडीवर काम करणारा माणूस धरणाचा मालक नसतो. तोही पोटासाठीच आलेला, मावळ्यांसारखाच गरीब. त्याच्या जखमेचा हिशेब 'शुद्ध' या शब्दात बसत नाही. चरित्रकार या प्रसंगी धाडसाचे वर्णन करतात आणि पुढे सरकतात. मला तसे सरकता येत नाही. मात्र तीन वर्षे शांतपणे बसून मावळ्यांच्या पदरात काय पडले, हेही मग विचारावेच लागते.

सेनापती तुरुंगात असतानाच, १९२७ मध्ये, धरण पुरे झाले. ते १९३१ मध्ये सुटून आले, तेव्हा पेट्यातल्या कित्येक गावांच्या जागी नुसते पाणी होते. तरीही ते खचले नाहीत. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात त्यांनी झेंडा फडकवला, पंच्याहत्तरीत गोव्याच्या मुक्तिलढ्यात उतरले, मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले. पुण्यात आणि मुंबईत मोठ्या रस्त्यांना त्यांचे नाव आहे. मुळशीच्या पाण्यावरची वीजही मुंबईला पोचली.