वीतभर हाडातला पक्षी

‘डायनोसॉर’ हा शब्द देणारे ब्रिटिश शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन (1804-1892) यांचे नाव मोआ या पक्ष्याशीही कायमचे जोडले गेले. 1839मध्ये जॉन रूल हे शल्यचिकित्सक न्यूझीलंडचे एक हाड त्यांच्याकडे लंडनला घेऊन आले. लांबी सुमारे 15 सेंटिमीटर, दोन्ही टोके तुटलेली. किंमत दहा गिनी! ओवेन यांना आधी ते बैलाचे वाटले. पण आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाहून ते थबकले. संग्रहातली हाडे एकेक करून ताडून पाहिली. निष्कर्ष असा, की हे शहामृगाएवढ्या, न उडणाऱ्या, जड पक्ष्याच्या मांडीचे हाड आहे. प्राणिशास्त्र संस्थेने निबंध छापला, मात्र जबाबदारी ओवेन यांच्यावरच सोडून. त्याच्या प्रती त्यांनी न्यूझीलंडला धाडल्या. 1843मध्ये तिथून पेटीभर हाडे आली आणि अंदाज खरा ठरला.

एका तुकड्यावरून अख्खा पक्षी ओळखल्याची ही कथा पुढे फार गाजली. तिच्यात एक गोष्ट सहसा येत नाही. हे हाड नामशेष पक्ष्याचे आहे, असे रूल यांनी पत्रातून आधीच कळवले होते. त्यांच्यापर्यंत ही माहिती माओरींकडून पोहोचली होती. रूल त्याला गरुडाच्या जातीचा समजत होते. तो उडणारा नव्हता, हे मात्र ओवेन यांनीच ओळखले. श्रेय वाटताना त्यांचा हात नेहमीच आखडता असे. तो तुकडा आजही लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे.